औषधाच्या कपाटातून तव्यावर : मध, वराहमांस आणि एका लेपाचे शास्त्र

मराठी घरात मधाची बाटली बहुधा स्वयंपाकघरात नसते. ती औषधांच्या कपाटात असते. खोकला झाला की सुंठपुडीबरोबर चमचाभर, सणाला पंचामृतात चमचाभर, आणि वजन कमी करण्याचा निश्चय टिकेल तितके दिवस सकाळी कोमट पाण्यात चमचाभर. अशा वापराने एक बाटली सहज वर्षभर पुरते. मधपाळाच्या दृष्टीने ही गोष्ट चिंतेची आहे. देशात उत्पादित होणाऱ्या मधाचा मोठा हिस्सा निर्यात होतो आणि त्यातही अमेरिका हा सर्वांत मोठा ग्राहक आहे. २०२२ मध्ये त्या देशाने भारतीय मधावर अँटी-डम्पिंग शुल्क लावले, तेव्हा एकाच बाजारपेठेवर विसंबून राहण्यातील धोका पुन्हा एकदा स्पष्ट झाला. घरगुती खप वाढवायचा असेल, तर मधाला औषधाच्या कपाटातून बाहेर काढून तव्यापर्यंत आणावे लागेल.

तव्यावर आलेल्या मधाची कसून परीक्षा घेणारा एक पदार्थ म्हणजे मधाचा चकाकता लेप दिलेले पोर्क चॉप. बेंगळुरूच्या कँटोन्मेंट भागातील फ्रेझर टाऊन, कुक टाऊन, रिचर्ड्स टाऊन या जुन्या वस्त्यांमध्ये अँग्लो-इंडियन, गोवेकर आणि मंगळुरी ख्रिस्ती कुटुंबांच्या जेवणात वराहमांसाला मानाचे स्थान आहे. शहरात मोठ्या संख्येने राहणाऱ्या कोडगू जिल्ह्यातील कुटुंबांचा 'पंदी करी' हा तर सणासमारंभाचा पदार्थ. योगायोग असा की, त्याच कोडगूचे नाव कर्नाटकात मधासाठीही घेतले जाते, आणि जेनु कुरुब या आदिवासी समाजाच्या नावातच 'जेनु' म्हणजे मध आहे. मध आणि वराहमांस हे दोन जिन्नस येथे एकाच डोंगराळ मुलखातून शहरात येतात.

वराहमांस न खाणाऱ्या वाचकांनीही पुढील मजकूर अवश्य वाचावा. येथे सांगितलेला लेप कोंबडी, पनीर, रताळे किंवा लाल भोपळा यांवरही तितकाच चांगला बसतो. रसायनशास्त्र तेच आहे.

मधमाशीने आधीच केलेले काम

साखर, गूळ आणि मध हे तिन्ही गोड असले तरी उष्णतेला मिळणारा त्यांचा प्रतिसाद वेगवेगळा असतो. साखर म्हणजे जवळजवळ शुद्ध सुक्रोज. गुळातही प्रमुख घटक सुक्रोजच असतो. त्याच्या जोडीला थोडे ग्लुकोज व फ्रुक्टोज, खनिजे आणि मळीचे अंश असतात. मधाची गोष्ट निराळी आहे. कामकरी माशी फुलातील मकरंद मधकोठीत घेते, तेव्हापासूनच तिच्या ग्रंथींतून स्रवणारे इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोजचे विघटन सुरू करते. पोळ्यात तो रस एका माशीकडून दुसरीकडे जातो आणि पंखांच्या वाऱ्याने त्यातील पाणी उडत जाते. परिणामी पक्व मधात साधारण ३८ टक्के फ्रुक्टोज, ३१ टक्के ग्लुकोज आणि सुमारे १७ ते २० टक्के पाणी असते. सुक्रोज अगदी नाममात्र उरते. ग्लुकोज ऑक्सिडेज या दुसऱ्या विकरामुळे ग्लुकोनिक आम्ल तयार होते आणि मधाचा सामू चारच्या आसपास राहतो.

स्वयंपाकाच्या भाषेत याचा अर्थ असा : मांस भाजताना येणारा खमंग तपकिरी रंग आणि वास हा मुख्यतः अमिनो आम्ले व क्षपणकारी शर्करा यांच्यातील 'मेलार्ड' अभिक्रियेतून येतो. सुक्रोज ही क्षपणकारी शर्करा नाही. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आहेत. त्यामुळे मधाचा लेप गुळाच्या किंवा साखरेच्या लेपापेक्षा लवकर रंग धरतो. मात्र फ्रुक्टोज सुमारे ११० अंश सेल्सिअसलाच करपण्याच्या मार्गाला लागतो, तर सुक्रोजला त्यासाठी १६० अंशांच्या आसपास तापमान लागते. तापलेल्या लोखंडी तव्याचे तापमान २०० अंशांच्या वर सहज जाते. म्हणून मध आरंभी घातला तर मांस आतून शिजण्यापूर्वीच वरचा थर काळा व कडू होतो. या पदार्थाचा मुख्य नियम यातूनच निघतो : मांस आधी, मध शेवटी.

चॉपची निवड

चॉप म्हणजे कण्यालगतच्या लांब स्नायूचा, बरगडीच्या हाडासह आडवा कापलेला तुकडा. हा स्नायू फारसे काम करत नसल्याने मऊ असतो. पण त्यात चरबी कमी असल्याने तो लवकर कोरडाही पडतो. लार्ज व्हाइट यॉर्कशायरसारख्या सुधारित जातींचे चॉप मोठे व कमी चरबीचे असतात. देशी जातींचे तुलनेने लहान आणि अधिक चरबीचे असतात. गोव्याची 'अगोंदा गोअन' ही देशी जात राष्ट्रीय स्तरावर नोंदणीकृत आहे, ही बाब कोकणातील वराहपालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तुकडा किमान अडीच सेंटिमीटर जाड घ्यावा. पातळ तुकड्याला रंग येईपर्यंत तो आतून वातड होतो. मांस फिकट गुलाबी, चरबी पांढरी व घट्ट, आणि कापलेला भाग ओलसर पण चिकट नसलेला असावा. मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या, पांढुरक्या, पाणीदार गाठी दिसल्यास ते मांस मुळीच घेऊ नये. त्या पट्टकृमीच्या अळीअवस्थेच्या पुटी असतात; त्यांचा विचार पुढे केला आहे.

साहित्य व कृती

चार चॉपसाठी, म्हणजे हाडांसह सुमारे ८०० ग्रॅम मांसासाठी, पुढील प्रमाण योग्य ठरते : मीठ १० ग्रॅम, जाडसर कुटलेली मिरी एक चमचा, तेल दोन चमचे. लेपासाठी मध ६० ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे. आंबटपणासाठी कोकमाचे आगळ एक मोठा चमचा. ठेचलेला लसूण चार पाकळ्या. किसलेले आले एक चमचा. लाल तिखट अर्धा चमचा.

कोडगूच्या स्वयंपाकात आगळाऐवजी 'कचंपुळी' हा काळा, दाट अर्क वापरतात. कोकम आणि कचंपुळीचे फळ ही दोन्ही गार्सिनिया या एकाच प्रजातीतील झाडांची फळे आहेत. कचंपुळी फार तीव्र असल्याने अर्धा चमचा पुरेशी होते. आगळात मीठ असते, हे ध्यानात ठेवून लेपात वेगळे मीठ घालू नये. आम्लामुळे गोडी समतोल होते आणि लेपाचा रंग थोडा सावकाश चढतो. घरगुती शेगडीवर ही सवड उपयोगाची असते.

पहिली पायरी : चॉपला सर्व बाजूंनी मीठ चोळून, झाकण न ठेवता, फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात तीन-चार तास ठेवावे. मीठ आत मुरते आणि पृष्ठभाग कोरडा होतो. हा कोरडेपणा महत्त्वाचा आहे. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तेथील तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जात नाही. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने येथे तो बिंदू ९७ अंशांच्या आसपास आहे. तेवढ्या तापमानाला मांस उकडते, भाजत नाही.

दुसरी पायरी : शिजवण्यापूर्वी अर्धा तास मांस बाहेर काढावे. कडेच्या चरबीला सुरीने दोन-तीन चिरा द्याव्यात, म्हणजे तुकडा तव्यावर वाकत नाही. मिरी लावावी. बिडाचा तवा मध्यम-तेज आचेवर चांगला तापवून तेल घालावे आणि प्रत्येक बाजू तीन ते चार मिनिटे भाजावी. चरबीची कडही चिमट्याने उभी धरून एक मिनिट भाजावी.

तिसरी पायरी : आच मंद करून झाकण ठेवावे व आणखी तीन ते पाच मिनिटे शिजू द्यावे. खाद्य तापमापकाची सुई हाडाला न टेकवता तुकड्याच्या मध्यभागी घालावी. ६७-६८ अंश दिसले की झाकण काढावे आणि सुटलेली जादा चरबी वाटीत काढून घ्यावी.

चौथी पायरी : लेपाचे साहित्य आधीच एकत्र करून ठेवलेले असावे. ते तव्यात ओतावे, आच मंदच ठेवावी आणि चमच्याने लेप चॉपवर पुन्हा पुन्हा सोडत राहावे. एक ते दीड मिनिटाने बाजू बदलावी. बुडबुडे मोठे व संथ झाले आणि चमच्याच्या पाठीवर लेपाचा थर धरू लागला की आच बंद करावी. मध्यभागाचे तापमान ७१ अंश झाले आहे याची खात्री करून चॉप पाच मिनिटे ताटात तसेच राहू द्यावेत. लेप या काळात घट्ट होतो आणि मांसातील रस आतच टिकतो.

७१ अंशांचा आग्रह का?

अमेरिकेच्या कृषी विभागाने २०११ मध्ये अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश आणि तीन मिनिटे विसावा ही मर्यादा पुरेशी मानली. त्या शिफारशीमागे बंदिस्त पालन आणि तपासणी केलेली कत्तल ही व्यवस्था गृहीत आहे. आपल्याकडे सर्व मांस त्या वाटेने येत नाही. म्हणून ७१ अंश ही पूर्वीची मर्यादा पाळणे अधिक सुरक्षित. केवळ रंगावरून अंदाज बांधू नये. तापमापकाची किंमत एका चांगल्या तव्यापेक्षा जास्त नसते.

येथे विस्तार कार्यकर्त्यांनी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. टीनिया सोलियम या पट्टकृमीच्या पुटी असलेले मांस कच्चे राहिले, तर खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत पुटी होऊन अपस्माराचे झटके येतात, तो आजार मात्र मांसातून थेट होत नाही. पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडलेली अंडी पाण्यावाटे, न धुतलेल्या भाजीवाटे किंवा अस्वच्छ हातांवाटे पोटात गेल्याने तो होतो. म्हणून ज्याने आयुष्यात वराहमांस चाखलेले नाही, त्यालाही हा आजार होऊ शकतो. प्रौढ पट्टकृमी केवळ माणसाच्या आतड्यात राहतो; डुकराला पुटी होतात त्या मानवी विष्ठा खाल्ल्याने. बंदिस्त गोठा आणि गावातील शौचालयाचा वापर या दोन गोष्टींनी हे चक्र तुटते. चांगल्या चॉपची सुरुवात तव्यावर नव्हे, तेथे होते.

कोणता मध वापरावा?

तापल्यावर मधातील विकरे निकामी होतात आणि फुलांचे नाजूक गंध उडून जातात. म्हणून डंखरहित मधमाशीचा दुर्मीळ, आंबटसर मध लेपासाठी वापरणे म्हणजे पैठणीची पायपुसणी करणे होय. मेलिफेरा माशीचा निलगिरी किंवा मोहरीवरील मध या कामासाठी योग्य. गडद रंगाचा, किंचित तुरट-कडवट जांभळाचा मध चरबीयुक्त मांसाबरोबर विशेष शोभतो. सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी कारवी फुलते, तेव्हा मिळणारा दाट मध मात्र कच्चाच चाखावा. चमचाभर बाजूला ठेवून तो आच बंद केल्यावर वरून सोडल्यास गंध टिकतो.

मध थिजला, दाणेदार झाला, म्हणजे त्यात साखर मिसळली आहे हा समज चुकीचा आहे. ज्या मधात ग्लुकोजचे प्रमाण जास्त, तो लवकर थिजतो. मोहरीचा मध तर काही आठवड्यांतच थिजतो. लेपासाठी असा मध उत्तम. उलट पाण्याचा पेला, पेटती वात, टिपकागद या घरगुती चाचण्यांनी आधुनिक भेसळ उघडकीस येत नाही. २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने १३ ब्रँडचे मध तपासून घेतले, तेव्हा त्यांपैकी तीनच सर्व चाचण्यांत उत्तीर्ण झाले. अनेक नमुन्यांतील भेसळ केवळ न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स या प्रगत तंत्रानेच पकडली गेली. स्वस्त सिरप मधाच्या नावाने विकला गेला की खऱ्या मधाचा भाव पडतो, मधपाळ पेट्या कमी करतो, आणि त्या परिसरातील सूर्यफूल, कांदा बियाणे व डाळिंबाच्या परागीभवनाला त्याचा फटका बसतो. ग्राहकाने ओळखीच्या मधपाळाकडून मध घेणे हाच सध्या सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

मधपाळाचीही एक जबाबदारी आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या निकषानुसार मधातील पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. चौकटीतील किमान तीन चतुर्थांश कोष मेणाने बंद झाल्याशिवाय मध काढू नये. घाईने काढलेला पातळ मध बाटलीत आंबतो, आणि तव्यावर त्याचा लेप धरण्याऐवजी उकळत राहतो. तो आटेपर्यंत मांस कोरडे पडते. स्वयंपाक करणाऱ्याच्या हाती तव्यावर येणारा हा अनुभव मुळात शेतावरील निर्णयाचा परिणाम असतो.

तापवलेला मध आणि शंका

आयुर्वेदाच्या ग्रंथांत मध तापवू नये असे सांगितले आहे, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात विचारला जातो. मध तापवल्यावर किंवा फार काळ साठवल्यावर त्यात हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युराल हा पदार्थ वाढतो. बाटलीतील मधासाठी किलोमागे ८० मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे. ती मधाचा ताजेपणा व हाताळणी यांची खूण म्हणून वापरतात. हाच पदार्थ भाजलेली कॉफी, पाव, बिस्किटे यांतही असतो. अधूनमधून खाल्लेल्या एखाद्या लेपातील मात्रेने अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही. तरीही ज्यांची श्रद्धा वा वैद्यांचा सल्ला आड येतो, त्यांनी कोल्हापूरचा गूळ किंवा मंड्याचा अच्चु बेल्ल चार चमचे पाण्यात विरघळवून वापरावा. रंग थोडा उशिरा येईल, पण करपण्याची भीतीही कमी राहील. एक पथ्य मात्र सर्वांनी पाळावे : एक वर्षाखालील बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू घरगुती शिजवण्याने मरत नाहीत.

ताटातील उरलेले परत शेतावर नको

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९०.६ लाख डुकरे होती. आधीच्या गणनेपेक्षा ही संख्या १२ टक्क्यांनी घटली होती. त्यानंतर लगेच, २०२० मध्ये, आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा देशातील पहिला प्रादुर्भाव नोंदवला गेला. या विषाणूचा माणसाला संसर्ग होत नाही. डुकरांसाठी मात्र तो बहुतांशी प्राणघातक आहे आणि त्यावर उपचार नाही. तो शीत वा गोठवलेल्या मांसात दीर्घकाळ टिकतो. शहरांभोवतीच्या अनेक वराहपालकांची भिस्त हॉटेलांतील उरलेल्या अन्नावर असते, आणि नेमक्या त्याच मार्गाने हा रोग गोठ्यात शिरतो. चॉपची हाडे, कापताना काढलेली चरबी, मांस धुतलेले पाणी यांपैकी काहीही डुकरांना घालू नये. इतर उरलेले अन्न देणे भागच असेल, तर ते सतत ढवळत ९० अंशांवर किमान एक तास तापवूनच द्यावे.

मधाच्या बाबतीत नियम हाच आहे. रिकाम्या बाटलीतील मध 'वाया जाऊ नये' म्हणून पेट्यांसमोर ठेवण्याची सवय सर्रास दिसते. त्या वासाने माश्यांमध्ये लूटमार सुरू होते. शिवाय अमेरिकन फाउलब्रूडचे बीजाणू मधात वर्षानुवर्षे तग धरतात. रोग वसाहतींमध्ये किती वेगाने पसरतो याची आठवण दक्षिणेतील मधपाळांना करून द्यावी लागत नाही : १९९१ नंतरच्या काही वर्षांत थाई सॅकब्रूड विषाणूने येथील सातेरी माशीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. कोडगूच्या मधउत्पादनाला बसलेला तो तडाखा विसरता येण्याजोगा नाही. अनोळखी मध आपल्या माश्यांना कधीही देऊ नये. बाटली विसळलेले पाणी सरळ मोरीत जाऊ द्यावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ मध्ये देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. पर्यटक तेथे मध चाखतो आणि एक बाटली विकत घेतो. ती बाटली घरी गेल्यावर पुन्हा औषधांच्या कपाटात जाऊ नये, यासाठी बाटलीबरोबर पाककृती देणे उपयुक्त ठरेल. महिला बचत गटांच्या प्रशिक्षणात एका तव्यावर मधाचा आणि दुसऱ्यावर गुळाचा लेप, रताळ्याच्या किंवा पनीरच्या तुकड्यांवर, प्रत्यक्ष करून दाखवावा. रंग कोणता लवकर आला, करपला कोणता, चव कोणाची भावली, हे सहभागींनाच ठरवू द्यावे. जेथे वराहपालक आणि मधपाळ एकाच गावात आहेत, तेथे स्वच्छ कापलेले, थंड ठेवलेले चॉप आणि लेपापुरती मधाची लहान बाटली एकत्र विकण्याचा प्रयोग करून पाहावा. बाटलीवर तीन गोष्टी लिहाव्यात : कोणत्या फुलोऱ्याचा मध, कोणत्या महिन्यात काढला, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर पाण्याचे प्रमाण किती आले. एवढी माहिती ज्या बाटलीवर असेल, तिच्यासाठी दोन पैसे जास्त देणारा ग्राहक शहरात निश्चित आहे.